सात नंबर बंदच ठेवली, प्रल्हाद

प्रल्हाद,

"हा हात कुणाचाय गं?" असं तू मला विचारलंस तेव्हा मी हसले. तुझा स्वतःचाच डावा हात तुझ्या मांडीवर पडला होता आणि गाडीत कुणाचं तरी विसरलेलं सामान बघावं तसा तू त्याच्याकडे बघत होतास. सकाळची वेळ. आपली नेहमीची कॅब भूमकर चौकाच्या अलीकडे नेहमीसारखीच अडकलेली. तू मोशीतून बसलेला, मी निगडीतून. आणि निगडीपासून आपण सात नंबरच्या विहिरीवरून भांडत आलो होतो. मला वाटलं, मुद्दा हातचा जायला लागला म्हणून तू विषय बदलतोयस. मग मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठाची एक कड खाली उतरली होती.

"प्रल्हाद, हस बघू," मी म्हणाले.

तू हसलास. अर्धाच हसलास.

तुझं ते अर्धं हसू अजून माझ्यासमोरून हलत नाही. कपडे वाळत घालता घालता मी मध्येच थांबते. आपल्या ओळखीला इतकी वर्षं झाली, त्यात तू किती वेळा हसला असशील. गडगडाटी, पोट हलवून हसायचास. त्यातलं एकही हसू मला आता आठवत नाही, आठवतं ते एवढंच.

कॅबवाला दत्ता, एरवी हॉर्न वाजवायचाही कंटाळा करणारा, त्यानं आरशात पाहिलं आणि दार उघडून सरळ रस्त्यावर उतरला. पुढच्या गाड्यांच्या काचांवर थापा मारत ओरडायला लागला, "बाजूला घ्या! माझा मानूस जातोय! घ्या ना बाजूला!" चाकणजवळच्या गावचा तो पोरगा, तुझ्याशी कधी दोन वाक्यांच्या वर बोलला नव्हता. तू त्याचा माणूस कधी झालास, मला माहीत नाही. दोन मोटरसायकलवाले उतरले, एकानं पुढं होऊन वाट काढली, दत्तानं गाडी दुभाजकाला घासत उलट्या बाजूनं घातली. मी तुझं डोकं मांडीवर धरून बसले होते. तू माझ्याकडे बघून जड जिभेनं म्हणालास, "उषाला लगेच सांगू नको. घाबरती ती."

शेवटचं जे स्पष्ट बोललास ते हेच. मी तुझं ऐकलं नाही. तुझ्या खिशातनं फोन काढून तिला तिथूनच लावला. राग आला असेल तर येऊ दे.

वाकडच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, मोठा आहे, तुम्ही वेळेत आणलंत पण. त्या "पण"च्या पुढं ते काय बोलले ते मी ऐकलंच नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी होते आणि माझ्या मनात, कुणाला खोटं वाटेल, एकच वाक्य चाललं होतं: असं कसं, याचं बोलणं व्हायचंय अजून.

बोलणं व्हायचंच होतं. त्याच दिवसांत सात नंबर टेस्टसाठी बंद होती.

आंध्रच्या किनाऱ्यालगतची ती गॅसची विहीर आपण दोघांनी एकेकदाच प्रत्यक्ष पाहिलेली. बाकी सगळी ओळख हिंजवडीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर बसून, पडद्यावर येणाऱ्या दाबाच्या आकड्यांतून. चांगली चालणारी विहीर. गेल्या मोठ्या दुरुस्तीनंतर तिचा गॅस घसरत घसरत निम्म्याच्या खाली आला. खाली खडकात गॅस भरपूर आहे, तरी वर येत नाही. का येत नाही, एवढाच प्रश्न. आणि त्या एका प्रश्नावरून आपलं काही महिने जुंपलेलं.

तुझं म्हणणं असं की, हा साधा गॅस नाही, याच्या पोटात तेल विरघळलेलं आहे. विहिरीजवळ दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की ते तेल खडकातच थेंब थेंब सुटतं, बारीक छिद्रांत अडकून बसतं आणि मागून येणाऱ्या गॅसची वाट अडवतं. विहिरीभोवती लांबवर त्याचं कडं तयार झालंय. त्यावर इलाज म्हणजे प्रचंड दाबानं खडक फोडून त्या कड्यापलीकडे वाट काढणं. काम अवाढव्य, खर्च एवढा की छोटी कंपनी त्यापेक्षा विहीर सोडून देईल.

माझं म्हणणं, तेल सुटत असेल, पण थोडं. खरी घाण आपल्याच माणसांनी केली आहे. दुरुस्तीच्या वेळी विहीर दाबून धरायला जे जड पाणी ओतलं, त्यातला गाळ भिंतीत बसलाय. अॅसिडनं धुतलं की मोकळी होईल.

"धुणं-भांडी करून गॅस येत नसतो बाई," तू म्हणायचास.

"आणि डोंगर फोडूनही येत नसतो," मी म्हणायचे.

कॅन्टीनमधले लोक आपल्या टेबलाजवळ बसायचं टाळायचे.

शेवटी टेस्ट घ्यायचं ठरलं. विहीर आधी वेगवेगळ्या वेगानं चालवायची, मग पूर्ण बंद करायची, आणि तळाशी सोडलेल्या गेजवर दाब कसा चढत जातो ते बघत बसायचं. जवळचा अडथळा दाबात आधी दिसतो, लांबचा नंतर. पण विहिरीच्या नळीत गॅसमधून सुटलेलं तेल खाली परतत असतं, ते सुरुवातीच्या आकड्यांत खोट्या खुणा उठवतं, म्हणून भरपूर थांबायचं. किती थांबायचं यावर तू क्लायंटशी भांडलास. ते म्हणाले, एवढा वेळ विहीर बंद ठेवणं परवडत नाही. तू म्हणालास, मग टेस्टच घेऊ नका, उगं अर्धवट बघून पूर्ण बोलू नका. त्यांनी ऐकलं. त्या प्लॅनवर तुझं नाव होतं आणि खाली माझं.

तू आयसीयूत असताना मला फोन आला. क्लायंटचे मॅनेजर. सुरुवातीचे आकडे त्यांच्याकडे लाइव्ह दिसत होते. बिचारे हळहळले तुझ्यासाठी, मनापासून हळहळले. मग म्हणाले, "मॅडम, एक चांगली बातमी आहे. सरांचं म्हणणं खरं ठरतंय. कडं स्पष्ट दिसायला लागलंय. आता आणखी थांबायची गरज नाही, विहीर उघडून टाकू."

मी कॉरिडॉरमध्येच लॅपटॉप उघडला. खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून जिन्याच्या पायरीवर बसले. ग्राफ खरंच तुझ्यासारखा वळत होता, प्रल्हाद. अगदी तू काढून ठेवलेल्या रेषेवरून चालला होता.

आता एक गोष्ट सांगते जी तुला सांगायची राहिली. त्याच्या आधीच्या आठवड्यापासून मला मनातून वाटायला लागलं होतं की बहुतेक तूच बरोबर आहेस. तोंडानं मी भांडत होते, पण रात्री अंथरुणात पडल्यावर तुझी बाजू मांडायचे आणि ती माझ्यापेक्षा चांगली मांडली जायची. म्हणजे तो ग्राफ बघून मला आश्चर्य वाटायला नको होतं. वाटलंही नाही. वाटलं ते एवढंच, की आत जाऊन याला सांगावं. आणि मग तू आत कसा पडला आहेस ते आठवलं.

आपले साहेबही लाइनवर आले. ते म्हणाले, "अनघा, उघडू देत त्यांना. क्लायंट खूश आहे. प्रल्हादचं म्हणणं खरं ठरलंय, याच्याहून चांगलं काय असतं? रिपोर्टमध्ये आपण तसं लिहू. त्याच्या घरच्यांनाही बरं वाटेल."

ते वाईट मनानं बोलत नव्हते. मलाही क्षणभर तेच वाटलं. तू आत नळ्यांत गुंडाळलेला, बाहेर तुझी जीत तयार. एक "हो" म्हणायचं होतं.

"नाही सर," मी म्हणाले. "सुरुवातीच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका असं त्यानंच लिहिलंय. हे वळण नळीतल्या तेलाचंही असू शकतं. ठरलंय तितका वेळ विहीर बंद राहील."

"अगं, तो स्वतः असता तर..."

"तो स्वतः असता तर तुमच्यावर ओरडला असता."

माझाही आवाज चढला होता. जिन्यावरून चढणाऱ्या एका आजोबांनी थांबून माझ्याकडे पाहिलं. मग क्लायंटचे मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे. लेखी द्या." मी तिथंच पायरीवर बसून ईमेल लिहिला. तो पाठवून उठले, तर समोरून उषा येत होती. सावकाश, भिंतीला हात लावत. तिच्या चालण्यावरूनच मला कळलं.

तुला न्यायला तुझे भाऊ अंबाजोगाईकडून निघाले होते, गावी नेऊ म्हणत होते. उषा म्हणाली, "यांनी घर मोशीत केलं. इथंच होईल." इंद्रायणीकाठी झालं सगळं. आपल्या ऑफिसातली सगळी मंडळी आली होती. दत्ता एका बाजूला उभा होता, कुणाशी न बोलता. परत निघताना तो मला म्हणाला, "मी लवकर न्हाई का पोचलो म्याडम?" मी म्हणाले, पोचलास रे, याहून लवकर कुणीच पोचलं नसतं. त्याला पटलं नाही. तुला भेटला असता तर तू त्याला सगळा हिशोब मांडून समजावलं असतंस. मला नाही जमलं.

तुझे अण्णा आले होते. त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. कंडक्टरकी करून निवृत्त झालेला तो उंच म्हातारा तुमच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसला होता, कुणी जवळ गेलं की सरकून जागा करून द्यायचा, जणू अजून गाडीतच आहे. मला त्यांनी हातानं बोलावलं.

"तुमी संगं कामाला होता म्हणं लेकाच्या."

"हो अण्णा."

"मग सांगा. गावात समदे म्हणतेत, कंडक्टरच्या पोरानं हिरी खांदायचा धंदा केला. मलाबी नीट सांगता यीना कुणाला. काय करायचा त्यो?"

मग मी त्यांना तुमच्या सोसायटीच्या बोअरची गोष्ट सांगितली. आठवतंय तुला? बोअरचं पाणी आटलं म्हणून सोसायटीनं नवीन बोअर घ्यायचं ठरवलं होतं, आणि तू रविवारी सकाळी सभेत उभा राहून म्हणालास, आधी मोटर बंद करा, मला पाणी किती वेगानं वर येतंय ते बघू द्या. टँकरही यायचा होता, लोकांच्या अंघोळ्या राहिल्या होत्या, एक काकू तुला म्हणाल्या, "तुमच्या घरात बादल्या भरलेल्या असतील." तू दोरीला वजन बांधून बोअरपाशी स्टुलावर बसलास. उषानं मला जेवायला बोलावलं होतं, मी आले तर तू उन्हात टोपी घालून दोरी सोडतोयस, वर ओढतोयस, आणि वरच्या गॅलऱ्यांतून लोक तुला बघतायत. पाणी भराभर वर येत होतं. म्हणजे खाली पाणी होतं, मोटरच्या पाइपाची जाळी चोंदली होती. ती साफ केली आणि नवीन बोअर वाचलं. त्या काकूंनी नंतर तुला पुरणपोळ्या पाठवल्या होत्या.

"हेच करायचा तो अण्णा," मी म्हणाले. "फक्त पाण्याऐवजी गॅस. आणि दोरी फार लांब. बंद करायचं आणि थांबून बघायचं, की अडलंय कुठं."



"बंद करून थांबायचं काम," ते म्हणाले. "आन् ह्यो ते करायचा? ह्याला ल्हानपणी दम निघत न्हवता ओ. चुलीवर भात टाकला की झाकण काढून काढून बघायचा. आई मारायची ह्याला त्याच्यापायी."

मग ते मोठ्यानं रडले. इतका वेळ ते रडले नव्हते.

मला तू उतावळा कधी माहीतच नव्हतास. तुझ्या तोंडून आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा काय ऐकलं असेल तर "उगं घाई करू नको". आता वाटतं, ते तू मला सांगत होतास की स्वतःला?

पुन्हा कामावर गेले त्या दिवशी चॅटमध्ये तुझ्या नावासमोर पिवळा ठिपका होता. जागेवर नाही, एवढंच त्याचं म्हणणं. दिवसभर तो तसाच होता. मी खिडकी छोटी केली, मोठी केली, बंद केली, परत उघडली. आयटीवाल्यांना सांगायचं धाडस कुणाचंच झालं नाही.

विहीर ठरल्याप्रमाणे बंद राहिली होती. सगळे आकडे आले. मी पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि ग्राफ काढला. टेस्टच्या आधी तू दोन रेषा काढून ठेवल्या होत्यास. तुझं खरं असेल तर दाब कसा चढेल ती एक, माझं खरं असेल तर ती दुसरी. माझी रेषा तू इतकी नीट काढली होतीस, माझ्या बाजूचं एक गृहीतक मीच विसरले होते तेही घातलं होतंस. प्रतिस्पर्ध्यासाठी एवढं कोण करतं रे?

सुरुवातीला आकडे तुझ्या रेषेवरून चालले. जिन्यावर बसून बघितले होते तेच. मग ते वळण विरलं. नळीतलं तेल खाली बसलं असणार. आणि त्यानंतर आकडे सरकले, हळूहळू, एकेक करून, आणि माझ्या रेषेवर येऊन शेवटपर्यंत तिथंच राहिले.

मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले. समोरच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "काय झालं मॅम?" मी म्हणाले, काही नाही.

तू चुकला होतास. तेल सुटलं होतं, पण भिंतीलगत, एवढंसं. लांबवर कडं वगैरे काही नव्हतं. दूरचा खडक साफ होता, आधी होता तसाच. अडथळा भिंतीत, विहीर मंद चालवा की जोरात, तेवढाच; तेलाचा असता तर जोराबरोबर वाढला असता. गाळाचा. मी म्हणत होते तो.

मला आनंद व्हायला हवा होता की नाही, ते मला माहीत नाही. झाला नाही एवढं खरं. उलट मी दिवसभर तुला बरोबर ठरवायचा प्रयत्न केला. गेजमध्ये बिघाड शोधला. नाही सापडला. गॅसच्या नमुन्याचे जुने आकडे पाहिले. आधीच्या टेस्टशी ताडून बघितलं. कुठंतरी एक फट मिळावी, तुला आत घ्यायला. इतकं मन लावून मी स्वतःची चूक आयुष्यात कधी शोधली नव्हती. मिळाली नाही.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "त्या दिवशी उघडली असती तर?"

उघडली असती तर तू बरोबर ठरला असतास. सगळ्यांनी मान्य केलं असतं, कायमचं. आणि कंपनीनं एकतर भलताच खडक फोडला असता, नाहीतर चांगली विहीर सोडून दिली असती. तुझ्याच हट्टानं थांबलो आणि तुझ्याच हट्टानं तू चुकीचा ठरलास. हे मी कुणाला सांगू? ज्याला यातली गंमत कळली असती, तो एकच माणूस होता.

अॅसिडचं काम झालं. सात नंबर परत चालू केली आणि गॅस जवळजवळ पूर्वीइतका आला. तिथल्या फिल्ड इंजिनिअरनं फोनवर मला नुसता आवाज ऐकवला, नळीतून गॅस सुसाट जातानाचा. "सुनिए मॅडम, सुनिए!" म्हणत होता. मी ऐकला. फोन ठेवला आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मला तुझा राग येतो. ऑफिसमध्ये सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, मी काही म्हटलं की मान डोलावतात. असंच एकदा झालं होतं, आठवतंय? बाळंतपणाच्या रजेवरून मी परत आले तेव्हा. लोक मला सोप्या शब्दांत समजावायचे, अवघड कामं न सांगता दुसऱ्याकडे द्यायचे, "तुम्ही घरी लवकर जा" म्हणायचे. चांगलंच वागत होते आणि मी आतून संपत चालले होते. तू मात्र पहिल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत माझा ग्राफ पडद्यावर लावून म्हणालास, "हे काय करायलीस तू? हे साफ चूक आहे." मी तुझ्याशी तास-दीड तास भांडले. शेवटी निम्मी चूक माझी निघाली, निम्मी तुझी. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला इतकं बरं वाटत होतं की मी एक स्टॉप पुढं गेले. तू मला सवलत दिली नाहीस, याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाला असतास, "कसली सवलत? ग्राफ चुकला होता."

आता मला कुणी म्हणत नाही की साफ चूक आहे.

गेल्या रविवारी मी मोशीला गेले. उषानं दार उघडलं. घरात चहाचा वास होता, तुझी मुक्ता आतल्या खोलीत अभ्यास करत होती. दहावी आहे ना तिची. उषानं पोहे केले. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग तिनं अचानक विचारलं, "त्या विहिरीचं काय झालं? ती सात नंबर. हे महिनाभर घरात दुसरं बोलत नव्हते."

येताना सगळा वेळ मी याच प्रश्नाला घाबरत होते. काहीतरी गोल बोलता आलं असतं. विहीर चालू झाली, त्याच्या टेस्टमुळंच झाली, असं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"विहीर चालू झाली," मी म्हणाले. "टेस्ट त्याच्या हट्टामुळं नीट झाली. पण उषा, तो चुकला होता. माझं बरोबर निघालं."

मला वाटलं, आता ही उठून आत जाईल. तिनं हातातली बशी खाली ठेवली, पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलायला लागले, आणि मला कळायला थोडा वेळ लागला की ती हसतेय.

"म्हणजे शेवटच्या भांडणात हरले," ती म्हणाली. "आणि आता तोंड लपवून बसले कुठंतरी."

"उषा..."

"नाही अनघाताई, बरं केलंत खरं सांगितलंत. हे गेले त्या दिवसापासून सगळे नुसतं चांगलं बोलायलेत. शांत होते म्हणे. कुणाला कधी दुखवलं नाही म्हणे. मला तर हे कुणाबद्दल बोलायलेत तेच कळेना झालंय. माझा नवरा कधी होता हो असा?" तिनं डोळे पुसले. "माणूस गेला की त्याला चुकायचीसुद्धा मोकळीक राहत नाही का?"

मग ती सांगायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा तिला फिरायला नेलंस तेव्हा, मला रस्ता माहीत आहे म्हणत दिवसभर भलत्याच घाटात हिंडवलंस ते. तुझ्या चुलतभावाच्या लग्नाला, हायवे मोकळा असेल म्हणून उशिरा निघालात आणि चाकणच्या ट्रकांत अडकून अक्षता हुकल्या ते. भिंतीवरचं कपाट तू स्वतः बसवलंस आणि ते आठवड्यात सगळ्या भांड्यांसकट खाली आलं, तर तू म्हणालास की दोष भिंतीचा आहे ते. आम्ही दोघी इतक्या हसत होतो की शेजारच्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे. हसता हसता ती मध्येच रडायची, रडता रडता पुढची गोष्ट सांगायची. तुमच्या हॉलमध्ये मला कित्येक दिवसांनी तू दिसलास. तो अर्ध्या हसण्याचा नव्हे. पूर्ण.

मुक्ता दारात येऊन उभी राहिली. तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाबा चुकले होते?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"त्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते?"

उत्तर उषानं दिलं.

"'आकडे परत तपास' म्हणाले असते," ती म्हणाली. "अजून काय म्हणणार?"

तपासलेत, प्रल्हाद. सगळे परत तपासलेत, अगदी पहिल्यापासून. तूच चुकलायस. आता बोल.